समुद्रावरील वारा आणि वावरची नागली

जव्हार तालुक्यांतील वावर या गांवीं समुद्र दृष्टीस पडत नाहीं. परंतु तेथील नागली व वरई समुद्राच्याच भरंवशावर पिकतात, असें आम्ही म्हणतों. (गांवाचें नांवच शेताचें आहे, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.) राब भाजून बीं टाकावें, रोप वीतभर व्हावें, आणि पावसानें पंधरा दिवस दडी मारावी, म्हणजे वर्षाची भाकरी गेली. 1992-93 सालीं वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची वार्ता ज्यांनीं ऐकली, त्यांस तेथील भाकरीची किंमत सांगावयास नको.

हा पाऊस आणणारा वारा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून वळून अरबी समुद्र ओलांडतो व वाटेंत वाफ उचलतो. पूर्वीं त्याचें मापन मुख्यतः जहाजांवरून होई. जेथें जहाज नाहीं, तेथें अंधार. 23 सप्टेंबर 2009 रोजीं आपल्या देशानें श्रीहरिकोट्याहून ओशनसॅट-2 हा उपग्रह सोडला. त्यामागून 2016 सालीं स्कॅटसॅट-1 व 26 नोव्हेंबर 2022 रोजीं ओशनसॅट-3 गेला.

700 किलोमीटरांहून अधिक उंचीवरून वारा दिसतो तरी कसा? तळ्याकांठीं बसलेल्या शेतकऱ्यास वारा अंगास लागण्याआधींच पलीकडे पाण्यावर उठलेली शिरशिरी दिसते. उपग्रहही तेंच पाहतो. तो रेडिओलहरी तिरकस सोडतो. सपाट पाण्यावरून त्या पलीकडे निसटून जातात. परंतु वाऱ्यानें पाण्यावर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांचे बारीक तरंग उठविले असले, तर त्यांचा कांहीं अंश माघारीं येतो. हा अंश जितका अधिक, तितका वारा जोराचा. निरनिराळ्या बाजूंनीं पाहिल्यास हें मान बदलतें, व त्यावरून दिशा ठरवितात. तथापि एकाच मापास दोन-चार दिशा जुळतात. खरी कोणती, तें इतर माहितीशीं ताडून पाहावें लागतें.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पाऊस पडत असेल तेथें थेंबांमुळें मापन बिघडतें, आणि किनाऱ्यालगत जमिनीवरून परतलेल्या लहरी त्यांत मिसळतात. जेथें आम्हांस जिज्ञासा अधिक, तेथेंच दृष्टि अंधुक! शिवाय समुद्रावर वारा जोरांत असला म्हणून डोंगराच्या दोन्ही कुशींस सारखा पाऊस पडेल, असें नव्हे. हीं मापें हवामानाच्या गणितांत घातल्यानें पाऊस जोर धरील कीं मंदावेल, याचा अदमास कांहीं दिवस आधीं अधिक भरंवशानें करितां येतो, इतकेंच.

म्हणून जूनमध्यें अंदाज ऐकावा, परंतु सारें बीं एकाच दिवशीं राबांत टाकूं नये. आठ दिवसांच्या अंतरानें दोन वाफे करावे. पहिल्यांतलें रोप करपलें, तर दुसऱ्यांतलें लावणीस हाताशीं राहतें.