तिथी पाहा, मग नागावला चला!

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की आठ-नऊ किलोमीटरवर नागाव येतं. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच एखादी अरुंद वाट, आणि वाटेच्या टोकाला सुरूच्या झाडांतून चमकणारा समुद्र. मुंबईच्या मुलांना तर हे गाव फार लांब नाही. गेटवेहून लाँचने तासाभरात मांडवा, त्याच तिकिटावर अलिबागपर्यंत बस, पुढे एस.टी. नाहीतर रिक्षा. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. त्या दिवसांत समुद्रातही उतरायचं नसतं, तेव्हा जून ते सप्टेंबर हे महिने सोडूनच द्या.

जायचं कसं ते आईबाबा बघतील. जायचं कधी ते मात्र तुम्ही ठरवा. त्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा आणि त्या दिवशीची तिथी बघा. तारीख नाही हं, तिथी! कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशोब आहे : तिथीला ३ ने गुणा आणि ४ ने भागा. म्हणजेच तिथीची पाऊणपट करा. येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच.

सप्तमीचं उदाहरण घेऊ. सात त्रिक एकवीस, भागिले चार, म्हणजे सव्वापाच. पहाटे सव्वापाचला भरती. तिथून साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे साडेअकराच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. पुन्हा तेवढ्याच वेळाने, संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास दुसरी भरती. सुट्टीतही बाईंनी गणित काढलंच, म्हणून नाक मुरडू नका. हे गणित आलं की दिवस कसा घालवायचा ते आपोआप कळतं.

पण पाऊणपटच का? चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. पन्नास मिनिटं म्हणजे जवळजवळ पाऊण तास! हिशोब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. पौर्णिमेला सव्वाअकरा असं उत्तर येतं, प्रत्यक्षात पाणी बाराच्या सुमाराला भरतं. म्हणून मोठ्यांनी छापील भरतीची वेळही एकदा बघून घ्यावी.

तिथीवरून आणखी एक गोष्ट समजते. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत येतात, त्यांची ओढ एकत्र होते आणि समुद्राला उधाण येतं. पाणी खूप वर चढतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या सुमाराला दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती. पाण्याची ये-जा त्या मानाने कमी. लहान मुलं बरोबर असतील तर मी हेच दिवस निवडेन. उधाणाच्या दिवशी रविवार आला तर किनाऱ्यावर गर्दीही दांडगी आणि पाण्याची ओढही दांडगी!

तर समजा, आपण सप्तमीला साडेनऊ वाजता पोचलो. पाणी मागे जातंय, ओली वाळू उघडी पडतेय. चपला हातात घ्या आणि खाली वाकून बघत चाला. वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. ती एका चिमुकल्या खेकड्याची कामगिरी. तो वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातलं बारीकसारीक खाणं वेचून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो. तुमचं पाऊल वाजलं की बिळात गडप! न हलता दोन मिनिटं उभे राहा, मग हळूच बाहेर येतो. आमच्या चौथीच्या वर्गाला दोन मिनिटं गप्प उभं करणं मला जमत नाही, या खेकड्याला जमतं.

उन्ह तापलं की सुरूच्या सावलीत या. खाली पडलेली एक 'सुई' उचलून ओढा. ती सांध्या-सांध्यांवर सुटत जाते. ते पान नव्हेच, बारीक फांदी आहे. खरी पानं म्हणजे त्या सांध्यांवरचे इवलेसे खवले. भिंग असेल तर दिसतील.

दुपार वाडीतली. घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, मासे खाणाऱ्यांना ताजे मासे, वर सोलकढी. मग खुशाल आडवे व्हा. पोफळीच्या बागेत दुपारीही गारवा असतो.

पाण्यात जायचं ते साडेतीननंतर, पाणी किनाऱ्याकडे येत असताना. गुडघाभर पाणी पुरे, आणि शेजारी मोठं माणूस हवंच. ओहोटीत पाणी आपल्याला आत खेचायला बघतं. त्यातही भरती-ओहोटीच्या सहा तासांपैकी तिसऱ्या-चौथ्या तासात जवळजवळ निम्मं पाणी सरकतं. ओढ तेव्हा सगळ्यात जास्त. कधी आत ओढले गेलातच तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम संपतो. हात वर करून हाक मारा, तरंगत राहा, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर बाजूला सरका. आणि आईबाबा, गाडी ओल्या वाळूवर उतरवू नका. चाक रुतलं तर भरती कुणासाठी थांबत नाही.

पाच वाजता पाण्याबाहेर. परतताना आक्षी गाव लागतं. तिथे एक जुना शिलालेख आहे, वर सूर्य-चंद्र कोरलेले. तो शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ मधला असल्याचं वाचलं गेलंय. सालाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची वेणीसारखी विणलेली माळही घ्या. गोडसर असतो, कच्चा खाल्ला तरी चालतो. २०२२ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. वद्य द्वादशी आहे, सकाळचे अकरा वाजलेत आणि तुमचा धाकटा भाऊ नागावच्या किनाऱ्यावर पाण्यात जायचा हट्ट धरून बसलाय. पाणी येतंय की जातंय? त्याला काय सांगाल?