'जेम्स बॅरी': थंड पाण्यातला ट्रॉलर

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. इंग्लंडमधल्या हल बंदराचा 'जेम्स बॅरी' हा मासेमारी ट्रॉलर मार्च 1969 मध्ये तिथल्या पेंटलंड फर्थमध्ये खडकावर चढला. खलाशी वाचले. बोट ओढून नेत असताना हॉक्सा साउंडमध्ये बुडाली. आज ती 40 मीटरहून खोल, कुशीवर पडली आहे. जवळच्या स्कापा फ्लोमध्ये बुडालेल्या जर्मन युद्धनौकांची कीर्ती मोठी. पण कष्टकऱ्यांची बोट पाहायला मिळते ती इथे, आणि तीही तितकीच मोलाची.

प्रवाह जोरदार, म्हणून पाणबुड्यांनी भरती-ओहोटी पालटतानाच उतरायचं. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं; अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूट हवाच. 40 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट, त्यामुळे सिलिंडरमधली हवाही पाचपट वेगाने संपते. नायट्रोजनची गुंगी चढून साधे निर्णयही चुकू शकतात. सिलिंडरमधून सुटणारी हवा प्रसरण पावताना गार होते. पाणी फार थंड असेल तर श्वासासाठी हवा पुरवणारा रेग्युलेटर गोठू शकतो आणि हवा अखंड वाहू लागते.

बुडालेल्या मासेमारी बोटींचा खास धोका म्हणजे अडकलेली जाळी. जाळी कापायचं हत्यार हाताशीच हवं.