पोंतेदेरा ते पारोळा

धुळ्याहून पारोळ्यामार्गे जळगावला निघालं तर वाटेत जुनी चेतक स्कूटर आता क्वचितच दिसते. एके काळी शाळामास्तर, ग्रामसेवक, विमा एजंट, कापसाचे व्यापारी या सगळ्यांची ती हक्काची गाडी. ती बनली पुण्याजवळ आकुर्डीत. पण तिचे गुणदोष ठरले होते इटलीत, पोंतेदेरा गावच्या विमान कारखान्यात.

पियाज्योचा हा कारखाना दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा विमानांना गिऱ्हाईक नव्हतं, रस्ते उखडलेले होते आणि लोकांच्या हाती पैसा नव्हता. कारखान्याचा मालक एन्रिको पियाज्योला स्वस्त दुचाकी हवी होती. पहिला नमुना पसंत पडला नाही, म्हणून त्याने काम कोर्रादिनो दास्कानियोकडे सोपवलं. हा हेलिकॉप्टर घडवणारा अभियंता. मोटरसायकल त्याला मुळीच आवडत नसे. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, टांग टाकून बसावं लागतं, पंक्चर झालं की चाक काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. त्याने यातल्या एकेका तक्रारीचा निकाल लावला. इंजिन मागच्या चाकालगत बसवून साखळीच काढून टाकली. गिअर डाव्या मुठीत आणले. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं. आणि वेगळी चासी न ठेवता दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्यावरच सगळा भार टाकला. २३ एप्रिल १९४६ रोजी पेटंटसाठी अर्ज झाला आणि ९८ सीसीची व्हेस्पा त्याच वर्षी रस्त्यावर आली. पुढच्या वर्षी मिलानच्या इनोचेंतीने लॅम्ब्रेटा काढली, तिचा सांगाडा नळ्यांचा. मला दास्कानियोचं धाडस मोठं वाटतं.

भारतात बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून दुचाकी-तीनचाकी आयात करून विकल्या. पियाज्योच्या परवान्यावर बजाज ऑटोने १९६० च्या सुमारास इथेच व्हेस्पाचं उत्पादन सुरू केलं. १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन त्याच रचनेची चेतक आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया याच घराण्यातली. परवाना राजमुळे उत्पादनावर मर्यादा होती, म्हणून नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. त्या टंचाईचं कौतुक करण्यासारखं काही नाही; लोकांचे पैसे आणि वेळ दोन्ही अडकून पडले.

पण रचना खान्देशाला मानवली हे खरंच. सपाट फूटबोर्डावर ज्वारीचं पोतं बसे, गॅसचं सिलिंडर बसे. धोतर नेसलेला माणूस चालवी, मागे लुगड्यातली बाई एका अंगाला बसे. लळिंग घाटात पंक्चर झालं तरी चार-पाच नट सोडायचे, स्टेपनी चढवायची आणि निघायचं. थंडीत गाडी रुसली की ती एका अंगाला कलती करायची, मग किक. तेही जमलं नाही तर प्लग काढून त्यावरची काजळी पॉलिश पेपरने घासायची. आग्रा रोडच्या मिस्त्रीकडे क्लच वायर कायम टांगलेली असे, कारण तुटायची ती बहुधा तीच. सुट्या भागांची रचना वर्षानुवर्षं फारशी बदलली नाही, त्यामुळे चोपडा-शिरपूरसारख्या गावांतही हात बसलेले कारागीर तयार झाले.

दोषही तेवढेच खरे. इंजिन उजवीकडे, म्हणून तोल तिकडे झुके. चाकं लहान, त्यामुळे खड्डा थेट पाठीला कळे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्डमध्ये भरला की गाडी जागची हलत नसे. शेतकरी मोटरसायकलकडे वळला यात नवल नाही.

बजाजने २००९ मध्ये स्कूटर बंद केल्या. २०२० मध्ये चेतक विजेवर परत आली, त्याआधी २०१२ मध्ये पियाज्योने बारामतीत व्हेस्पा बनवायला घेतली. जुन्याच चेतकवर मन बसलं असेल, तर इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी खाली वाकून फूटबोर्डाचा तळ बघा. तिथला पत्रा गंजला असेल, तर गाडीचा कणाच गेला आहे. रंगाच्या चकाकीवर जाऊ नका.