अणूंच्या ढगातून पाहणारा सूक्ष्मदर्शक

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बेंजामिन लेव्ह यांच्या गटाने २०१७ साली एक सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. पदार्थाचे चुंबकीय चित्र त्यात अणूंचा एक ढग टिपतो. हे रुबिडियमचे अणू लेसरने आणि नंतर बाष्पीभवनाने इतके थंड केलेले असतात, की त्यांचे तापमान केल्विनच्या एक कोट्यंशाच्या आसपास येते. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइनस्टाइनना पाठवलेल्या निबंधातून ज्या संघनन अवस्थेचा विचार पुढे आला आणि जी १९९५ मध्ये प्रयोगशाळेत साकारली, तीच ही अवस्था. हे यंत्र पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या अनेक वर्षांच्या श्रमांतून उभे राहते. अशा यंत्रबांधणीला ‘खऱ्या संशोधनाआधीची तयारी’ मानणे मला चुकीचे वाटते. इथे यंत्र बांधणे हेच संशोधन आहे.

याचे कारण मोजमापाच्या रीतीतच आहे. चिपवरच्या सोन्याच्या तारांतून वीजप्रवाह सोडून चुंबकीय सापळा तयार होतो आणि अणूंचा लांबट ढग निर्वातात, नमुन्यापासून एक-दोन मायक्रॉनवर तरंगत ठेवला जातो. नमुन्यातल्या प्रवाहाचे क्षेत्र सापळ्याच्या क्षेत्रात मिसळते. जिथे एकूण क्षेत्र किंचित कमी, तिथे अणू दाटतात आणि जिथे जास्त, तिथे विरळ होतात. मग लेसरच्या प्रकाशात ढगाची सावली टिपायची आणि घनतेवरून क्षेत्र काढायचे. रुबिडियमच्या अणूसाठी एक नॅनोटेस्लाचा फरक म्हणजे एका नॅनोकेल्विनहूनही कमी ऊर्जा. हे गुणोत्तर कोणा कारखान्याने ठरवलेले नाही, ते अणूच्याच गुणधर्मातून येते. २०१७ च्या प्रयोगात सुमारे दोन मायक्रॉनच्या एका बिंदूसाठी १.४ नॅनोटेस्लाची संवेदनक्षमता मिळाली. पृथ्वीचे क्षेत्र आपल्याकडे ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असते, म्हणजे त्याच्या पंचवीस हजाराव्या भागाहूनही लहान फरक इथे दिसतो.

इतका थंड ढग खोलीच्या तापमानाच्या पदार्थाशेजारी टिकतो कसा, ही शंका रास्त आहे. मध्ये निर्वात असल्याने उष्णता वाहून नेणारी हवा नसते आणि नमुन्यातून निघणारे अवरक्त किरण रुबिडियमचे अणू जवळजवळ शोषतच नाहीत. म्हणूनच नमुना गरम असो वा अतिथंड, ढगाला फारसा फरक पडत नाही. जर्मनीत हायडलबर्गमध्ये योर्ग श्मिडमायर यांच्या गटाने २००५ मध्ये अशा ढगाने क्षेत्राचे चित्र काढून दाखवले होते आणि २००८ मध्ये त्याच तंत्राने सोन्याच्या पातळ थरातला प्रवाह सरळ न जाता तिरपा, साधारण ४५ अंशांत वळणारा आकृतिबंध घेतो, हे उघड केले. तेव्हा नमुना चिपचाच भाग होता. स्टॅनफर्डच्या यंत्रात तो वेगळ्या पातळ सिलिकॉनवर, चिप आणि ढग यांच्यामध्ये बसतो. तो बदलता येतो आणि स्वतंत्रपणे थंडही करता येतो. छोटीशी वाटणारी ही विभागणी मला सगळ्या रचनेतला सर्वांत मोलाचा निर्णय वाटतो, कारण तिच्यामुळेच एका प्रयोगाचे सूक्ष्मदर्शकात रूपांतर झाले.

आक्षेप मात्र हलके नाहीत. हिऱ्यातल्या नायट्रोजन दोषांवर चालणारे संवेदक याहून कितीतरी बारीक, नॅनोमीटरच्या पातळीवर पाहतात. स्क्विड नावाची अतिवाहक उपकरणे संवेदनक्षमतेत मातब्बर आहेत. इकडे प्रत्येक चित्रासाठी ढग नष्ट होतो आणि नवा बनवायला दहा-वीस सेकंद जातात. हे सगळे मान्य. पण स्क्विडला स्वतःलाच थंड राहावे लागते, त्यामुळे उबदार नमुन्याच्या अगदी जवळ जाणे त्याला कठीण. हिऱ्याच्या संवेदकाला साधारणपणे लेसर आणि सूक्ष्मलहरी लागतात, त्यांचा नमुन्यावर परिणाम होऊ शकतो. प्रश्न मायक्रॉनच्या मापाचा असेल, तर नॅनोमीटरची धार निर्णायक ठरत नाही.

लोहयुक्त अतिवाहकांचा प्रश्न नेमका तसाच होता. तापमान उतरले की या स्फटिकांत दोन दिशांचा विद्युतरोध वेगळा होतो, पण स्फटिक एकमेकांना काटकोनात असलेल्या लहान-लहान पट्ट्यांत विभागला जात असल्याने सरासरीत हा फरक पुसला जातो. म्हणून पूर्वी स्फटिकावर ताण देऊन पट्ट्या एका दिशेला आणत, पण ताणामुळे हे संक्रमण, म्हणजे अवस्थेतला बदलच, वेगळा होतो. २०२० मध्ये लेव्ह यांच्या गटाने ढगाने प्रवाह आणि ध्रुवित प्रकाशाने पृष्ठभागाजवळची रचना, असे दोन्ही एकाच नमुन्यावर सोबतच पाहिले. दोन्ही संक्रमणे तीव्र आणि जवळजवळ एकाच तापमानाला होतात, असे त्यांना आढळले. नमुन्याकडे जाणारी प्रकाशाची वाट या रचनेने मोकळी ठेवली होती, म्हणूनच हे जमले.

उरतो विद्यार्थ्याचा प्रश्न. नमुना वेगळा ठेवून त्याच्याजवळ ढग पकडल्याचे या गटाने २०१३ मध्ये दाखवले आणि लोहयुक्त अतिवाहकांचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. एका पीएचडीत हे बसत नाही. ज्याची वर्षे निर्वाताची गळती शोधण्यात आणि लेसर स्थिर करण्यात गेली, त्याच्या प्रबंधात नव्या पदार्थाचा शोध कदाचित नसेलच, ही भीती खरी आहे. तरीही त्या प्रबंधात क्षेत्राचा कोणता फरक विश्वासार्ह आणि कोणता गोंगाट, हे ठरवलेले असते, आणि पुढचा प्रत्येक निष्कर्ष त्यावर उभा राहतो. पुण्याच्या आयसरमध्येही रुबिडियमचे संघनन वापरून प्रयोग होतात. तिथल्या किंवा कुठल्याही अशा प्रबंधाचे परीक्षण करताना शोधनिबंध किती, याआधी विचारायला हवे, की यंत्राची अचूकता कशी तपासली आणि दुसऱ्या कोणाला ती पुन्हा तपासता येईल का.