बांबूच्या काट्यांची गोष्ट

सह्याद्रीचे अभ्यासक माधव गाडगीळ मूळ पुण्याचे. त्यांची एक गोष्ट आम्हांला फार आवडते. १९७५च्या सुमारास कर्नाटकात कागद गिरण्यांना लागणारा बांबू संपत चालला होता. दोष गावकऱ्यांच्या माथी. गाडगिळांनी रानात जाऊन बेटं पाहिली, गावकऱ्यांना विचारलं. तोडणी सोपी व्हावी म्हणून बुडातलं काट्यांचं जाळं साफ केलं जाई. गावकरी म्हणाले, अहो, कोवळ्या कोंबांचं तेच कुंपण! काटे गेले की जनावरं कोंब खातात. तपासलं, तर गावकरीच खरे निघाले. (सरपणाला जाणारीला हे सांगावं लागत नाही.) पुढे २०११च्या पश्चिम घाट अहवालातही, निर्णय ग्रामसभांना विचारून घ्या, असंच त्यांनी मांडलं. आमच्या ग्रामसभेत मात्र डोंगराचा विषय निघाला, की आम्ही बायका अजून मागच्याच रांगेत.