विमान वेगाने जाते, प्रवासी केव्हा पोचतो?

निलंग्याहून मुंबईला लवकरात लवकर कसे पोचता येईल, असे वर्गात विचारले तर ‘विमानाने’ हे उत्तर हमखास येते. नांदेडहून विमान मिळाले असे समजून हे उत्तर तपासून पाहू. त्यासाठी नकाशासंग्रह आणि शाळेतील त्रिकोणमिती पुरेशी आहे.

मुंबई विमानतळ १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर व ७२ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. नांदेड विमानतळाचे स्थान १९ अंश ११ मिनिटे उत्तर व ७७ अंश १९ मिनिटे पूर्व. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत. रेखांशातील फरक ४.४५ अंश. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १११ कि.मी. उत्तरेकडे सरकताना रेखावृत्ते जवळ येतात, म्हणून या संख्येला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. १९ अंशांसाठी ती किंमत ०.९४५ आहे, म्हणून येथे एक अंश म्हणजे १०५ कि.मी. ४.४५ गुणिले १०५, म्हणजे ४६७ कि.मी. अक्षांशातील ६ मिनिटांचे ११ कि.मी. पायथागोरसच्या सिद्धांताने मिळवले, तरी उत्तर फारसे बदलत नाही.

जेट विमानाचा वेग ताशी ७५० कि.मी. धरला, तर या अंतराला ३७ मिनिटे लागतील. परंतु एवढ्या अंतरासाठी वेळापत्रकात साधारण एक ते सव्वा तास धरतात. विमान धावपट्टीपर्यंत सावकाश जाते, चढताना व उतरताना त्याचा वेग कमी असतो, आणि गर्दीच्या विमानतळावर उतरण्यासाठी घिरट्याही घालाव्या लागतात.

शिवाय वारा असतो. हिवाळ्यात आपल्याकडे आठ-दहा कि.मी. उंचीवर बहुधा पश्चिमेकडून वारे वाहतात. वाऱ्याचा वेग ताशी १०० कि.मी. मानला, तर नांदेडकडे येताना ३३ मिनिटे आणि मुंबईकडे जाताना ४३ मिनिटे लागतील. येताना चार मिनिटे वाचली, जाताना सहा गेली. जाण्यायेण्यात वाऱ्याचा हिशेब फिटत नाही, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक काळ असते.

आता निलंग्याच्या प्रवाशाकडे वळू. निलंगा ते मुंबई सरळ अंतर सुमारे ४२० कि.मी. आहे, म्हणजे नांदेडपेक्षा कमी! विमानासाठी त्याला आधी मुंबईपासून दूर जावे लागते. नांदेडचा रस्ता १६० कि.मी. आणि एस.टी.चा वेग ताशी ४० कि.मी. मानू; म्हणजे चार तास. विमानतळावर दीड तास आधी पोचणे, सव्वा तास विमान, बाहेर पडायला अर्धा तास. एकूण सव्वासात तास. ४२० ला ७.२५ ने भागले की प्रवासाचा वेग निघतो ताशी ५८ कि.मी.

विमानाचा वेग दुप्पट केला, तरी या प्रवाशाची वीस मिनिटेही वाचणार नाहीत. रस्त्यावरचा वेग ४० वरून ६० झाला, तर मात्र एक तास वीस मिनिटे वाचतील. ज्या टप्प्यात सर्वाधिक वेळ जातो, तेथील सुधारणाच उपयोगी पडते.

विद्यार्थ्यांना हाच हिशेब लातूर, बिदर व हैदराबाद या विमानतळांसाठी करायला सांगावा. मात्र सुरुवात विमानतळापासून नव्हे, आपल्या घराच्या दारापासून करावी.