दुसऱ्यांदा रंगवलेले कापड

पंचगंगेच्या पाण्याविषयी लिहावयाचे म्हटले, की नदीच्या काठापासून आरंभ करावा असा आपल्याकडे प्रघात आहे. तो मोडून मी इचलकरंजीसारख्या गावातील रंगखान्यातल्या वजनकाट्यापासून आरंभ करतो, कारण नदीत उतरणाऱ्या रंगाचा पुष्कळसा निकाल तेथेच लागलेला असतो.

सुती कापडाला रिॲक्टिव्ह रंग देताना त्यातील काही भाग धाग्याशी संयोग पावतो आणि उरलेला पाण्याशीच संयोग पावून निरुपयोगी होतो; काम उत्तम झाले तरीही ही गळ टळत नाही. पण छटा ग्राहकाच्या नमुन्याशी जुळली नाही, तर सोडियम हायड्रोसल्फाइटने, म्हणजे बाजारातल्या हायड्रोने, चढलेला रंग उतरवून तोच माल पुन्हा रंगवावा लागतो. आणि मग पाणी, वाफ, मीठ, सोडा या सर्वांची दुसरी खेप खर्ची पडूनही विकावयास कापड तेवढेच राहते. जमाखर्चात हे नुकसान ‘दुरुस्ती’ अशा निरुपद्रवी सदराखाली मांडले जाते. नाल्याला जे गेले त्याचे खाते मात्र कोणी उघडत नाही.

असा माल तपासनीसाने शेवटी बाजूला काढण्यापेक्षा तो मुळात बिघडूच नये, या विचाराला शास्त्राचे अधिष्ठान दिले ते अमेरिकेतील वॉल्टर शुहार्ट यांनी. प्रत्येक प्रक्रियेत थोडा चढउतार स्वाभाविकच असतो. त्यातून ज्याचे कारण शोधून काढता येईल असा चढउतार निराळा ओळखावा, यासाठी त्यांनी 1924 साली नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली. हेच शास्त्र शिकवण्यासाठी अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग 1950 साली जपानात गेले ही कथा आपण आवडीने सांगतो. परंतु ज्यांच्यापासून डेमिंग हे शास्त्र शिकले ते शुहार्ट त्यापूर्वीच, 1947-48 च्या सुमारास, महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून आपल्या देशी येऊन गेले होते, याचे स्मरण क्वचितच कोणी करतो.

रंगखान्यात या शास्त्राचे रूप अगदी घरगुती असते. कूपनलिकेच्या पाण्याचा कठीणपणा ऋतूप्रमाणे पालटतो, कापडावरची खळ कोठे पुरी निघते तर कोठे राहून जाते, काटा चार ग्रॅमने चुकतो, कुंडाचे तापमान रात्रपाळीत उतरते. या गोष्टी दररोज मोजून आलेखावर टिपल्या, तर छटा का बिघडली याचे उत्तर उस्तादाच्या अंदाजावर सोडावे लागत नाही, आणि पहिल्याच खेपेस माल उतरण्याचे प्रमाण वाढते. अर्थात ही टिपणे रोज झाली पाहिजेत. आयएसओ 9001 चे प्रमाणपत्र कचेरीच्या भिंतीवर आणि नोंदवही कपाटात, अशी व्यवस्था असेल तर तो निव्वळ देखावा होय.

दर्जाच्या शिस्तीने सांडपाणी-शुद्धीकरणाची जबाबदारी टळते, असे मात्र कोणी समजू नये. निर्दोष रंगलेल्या थानामागेही दूषित पाणी उरतेच. फक्त ते एकदाच उरते. या ‘एकदाच’ शब्दाचे मोल मिठावरून कळते: गडद छटेसाठी एका लिटर द्रावात 50 ते 80 ग्रॅम मीठ घालावे लागते, ते कापडाला चिकटत नाही, आणि जीवाणूंकरवी चालणारे शुद्धीकरण संयंत्र विरघळलेल्या मिठाला हातही लावू शकत नाही. ते पाणी नदीत सोडले, तर सारे मीठ पंचगंगेबरोबर नरसोबाच्या वाडीपर्यंत जाऊन कृष्णेस मिळते. आणि कापड दुसऱ्यांदा रंगवले असेल, तर दुप्पट मिळते.